तळ्याकाठचा मुक्काम : जागा कशी निवडावी

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे सरकते. धर्मपुरीपाशी ती सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि या जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम नातेपुते येथे पडतो. त्या एका रात्रीपुरते गावाजवळच्या मोकळ्या रानात राहुट्यांचे एक नगर उभे राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठून माळशिरसच्या वाटेला लागते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी या सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यात भजनाच्या क्रमाइतकाच मुक्कामाचाही क्रम ठरलेला आहे. तळ कोठे पडणार हे आधीपासून ठाऊक असते. दिंडीचे सामान पुढे जाते आणि मागून वारकरी येऊन पोहोचतात तो राहुट्यांच्या मेखा ठोकल्या गेलेल्या असतात. पाणी आवाक्यात हवे, परंतु अंथरुणाखाली नको, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. उघड्यावर रात्र काढण्याची कला महाराष्ट्रास परकी नाही, ती अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतही तंबू घेऊन तळ्याकाठी अथवा झाडीत एक-दोन रात्री राहण्याची आवड वाढली आहे. पुण्या-मुंबईची मंडळी पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा या जलाशयांकडे धाव घेतात. सोलापूर, बारामती, इंदापूरकडील मंडळींना उजनीचे विस्तीर्ण पाणी जवळ पडते. ही आवड उत्तमच आहे. ज्या मुलाने आकाशगंगा केवळ पुस्तकातील चित्रात पाहिली, त्याला ती खऱ्या अंधारात एकदा तरी पाहावयास मिळाली पाहिजे. तथापि या हौसेत एक उणीव दिसून येते. जागा निवडली जाते ती सायंकाळी पाच वाजता, सूर्य पाण्यावर उतरत असताना, डोळ्यांना काय रमणीय वाटते ते पाहून. वास्तविक त्या जागेत राहावयाचे असते ते रात्रभर. म्हणून मुक्कामाची जागा तिच्या सर्वांत सुंदर घटकेवरून न निवडता तिच्या सर्वांत वाईट घटकेवरून निवडावी. मध्यरात्री वादळ सुटले, पाऊस कोसळला, कोणास सर्पदंश झाला, तर ही जागा कशी वागेल, हा प्रश्न आधी विचारावा. त्याचे उत्तर समाधानकारक आले तर मग शोभेकडे वळण्यास हरकत नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू जाता एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. लोणारचे उल्काघाताने झालेले सरोवर यांसारखे थोडे अपवाद सोडल्यास महाराष्ट्रातील बहुतेक मोठे जलाशय मनुष्याने बांध घालून निर्माण केलेले आहेत. नैसर्गिक सरोवराचा काठ बहुधा ठरल्या जागी राहतो. धरणाचा काठ ऋतूबरोबर चालतो. उजनीचेच उदाहरण घ्यावे. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे आणि त्यांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृत साठा धरला जातो. पाऊसकाळ संपता संपता तुडुंब भरलेले हे पाणी वैशाखात इतके मागे सरते की, पळसदेवचे पाण्यात बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करितात. शहरातून येणाऱ्यास तो सपाट, ओलसर काठ तंबूसाठी जणू सारवून ठेविल्यासारखा भासतो. परंतु तो काठ नसून तळ्याचा तळ होय. वरून कोरडी खपली, खाली गुडघाभर गाळ, आणि त्यात जुन्या विहिरी, बांध व नदीचे मूळ पात्र दडलेले. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला मनुष्य पुढच्याच पावलाला पुरुषभर खोलीत जातो तो यामुळेच. अशा पाण्यात, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, पोहण्याचा मोह आवरावा.

मोठ्या जलाशयाला वाऱ्याचेही भय असते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि लहान मुलांसह सहा जण बुडाले. ही मंडळी सहलीस आलेली नव्हती. रोजच्या वाटेने जाणारी, त्या पाण्याच्या काठीच राहणारी माणसे होती. ज्यांना ते पाणी परिचित, त्यांची ही गत. मग पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याने किती जपावे! एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेस अथवा ईशान्येस काळे ढग दाटू लागले की होडीत पाऊल ठेवू नये, आणि निरभ्र आकाश असतानाही तरंगत ठेवणारे जाकीट अंगावर चढविल्याखेरीज मुलांना होडीत बसवू नये.

पावसाळ्यात तर काठाची गणिते निराळीच होतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. क्षणापूर्वी घोट्याएवढे असलेले पाणी डोंगरावर पडलेल्या सरीमुळे पाहता पाहता चढले. जेथे राहुटी ठोकावयाची तेथे ऊन असले म्हणून वरच्या डोंगरात पाऊस नाही, असे समजू नये. याच कारणास्तव कोरड्या ओढ्याच्या पात्रात, दोन टेकड्यांमधील लवणात, धबधब्याच्या पायथ्याशी अथवा धरणाच्या सांडव्याखालील नदीकाठी कधीही मुक्काम करू नये. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो खरा, पण झोपेत असलेल्या मुलांना उठवून, अंधारात वाट शोधून वर चढावयास जो वेळ लागतो, तो भोंगा देईलच असे नाही.

नातेपुत्याच्या बाजूस आणखी एका पाण्याविषयी बोलावयास हवे. नीरा उजवा कालवा फलटण व माळशिरस तालुक्यांना पाणी देत पुढे जातो. हे पाणी येते ते भोरजवळच्या भाटघर धरणाच्या साठ्यातून. तेथील हल्लीचा मोठा बांध १९२८ साली पूर्ण झाला. उन्हाने करपलेल्या माळावर कालव्याची हिरवी कड दिसली की तेथे सतरंजी पसरण्याचा मोह होतो. परंतु कालव्याचे काठ उतरते व गुळगुळीत, प्रवाह वरून शांत पण आतून ओढणारा, आणि बाहेर येण्यास धरावयास काही नाही. मुले बरोबर असताना कालव्याच्या कडेचा मुक्काम सर्वथा वर्ज्य समजावा.

मग राहुटी नेमकी कोठे असावी? पाण्यापासून निदान दोनशे फूट दूर आणि त्या वर्षीच्या भरतीच्या खुणेपेक्षा चांगली उंच. भरतीची खूण ओळखणे अवघड नाही. काठावर अडकलेला काडीकचरा, खडकावरील फिकट पट्टा आणि जेथून झाडोरा सुरू होतो ती रेषा पाहावी. दोनशे फुटांचे हे अंतर परदेशांतील अनुभवी भटकेही पाळतात. त्यांचे कारण दुहेरी आहे. एक तर सांडपाणी व घाण तळ्यात जात नाही. दुसरे, रात्री पाण्यावर येणारी जनावरे निर्भयपणे येऊ शकतात. शौचासाठी खड्डाही पाण्यापासून तितकाच दूर, वीतभर खोल खणून नंतर मातीने बुजवावा. उंच जागेचा आणखी एक लाभ आहे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती उतारावरून खाली वाहत येऊन सखल भागात साठते. डिसेंबरच्या रात्री पाण्यालगतच्या खोलगटात झोपलेला मनुष्य दवाने भिजून कुडकुडतो आणि पन्नास पावले वर, टेकाडाच्या खांद्यावर झोपलेला सुखाने निजतो. अगदी माथाही मात्र नको, कारण तेथे वारा व वीज दोन्हींचा मारा असतो.

वीज म्हटली की झाडांचा विषय ओघानेच येतो. झाडीत मुक्काम करण्याचे सुख मोठे आहे. दुपारी राहुटीवर सावली पडावी असे वाटत असेल तर झाड पश्चिमेस येईल अशी जागा पाहावी, ही गोष्ट साधी असून पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. परंतु उघड्या माळावरील एकुलते उंच झाड ही वळवाच्या दिवसांत सर्वांत धोक्याची जागा होय. दरवर्षी विजेने दगावणाऱ्यांत झाडाच्या आश्रयास गेलेले शेतकरी व गुराखी असतात. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. तेव्हा वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजले असता वादळ किती दूर आहे हे शाळेतील मुलालाही सांगता येते. तीस मोजण्यापूर्वीच गडगडाट आला तर वेळ दवडू नये. कापडी राहुटी विजेपासून मुळीच संरक्षण देत नाही. पक्के घर अथवा पत्र्याच्या टपाची बंद मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे साधन हल्ली भ्रमणध्वनीवर विजेची पूर्वसूचना देते. प्रवासास निघण्यापूर्वी ते घेऊन ठेवावे.

सारख्या उंचीची दाट झाडी एकुलत्या झाडापेक्षा बरी, पण तेथेही मान वर करून पाहिल्याखेरीज मेख ठोकू नये. वाळलेली फांदी, पोखरलेले खोड, कललेला बुंधा यांखाली झोपू नये. गुलमोहर व निलगिरी यांच्या फांद्या वाऱ्यात चटकन मोडतात. कडुलिंब व करंज त्या मानाने भरवशाचे. चिंचेखाली रात्री झोपू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यातील भुताचा भाग सोडून द्यावा. झाड रात्री जो वायू सोडते तोही उघड्या हवेत इतका अल्प असतो की त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मात्र जुन्या चिंचेच्या ढोलीत काय राहते आणि तिची फांदी केव्हा सुटेल हे अंधारात दिसत नाही, एवढ्यासाठी तरी वडिलांचा शब्द राखावा.

जमिनीची पारखही तितकीच आवश्यक आहे. माळशिरस, पंढरपूरकडची काळी जमीन कोरडी असताना गादीसारखी वाटते, पण वळवाची एक सर पडली की त्याच गादीत पाय व मोटारीची चाके सारखीच रुततात. मुरमाड, किंचित उताराची जमीन मुक्कामास उत्तम. पाचोळ्याचे ढीग, दगडांच्या राशी, वारुळे व जुने बांध यांच्यापासून दूर राहावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चारही विषारी साप या प्रदेशात आढळतात. त्यांतील मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्यास चावते. पुष्कळदा दंशाची वेदनाही होत नाही. म्हणून तळाशी शिवलेले कापड असलेली, पूर्ण बंद होणारी राहुटी घ्यावी, आणि अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, वर आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. रोग्याला धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात त्वरित न्यावे. याकरिता सर्वांत जवळचे रुग्णालय कोठे आहे आणि तेथे जाणारी वाट रात्री खुली असते काय, हे राहुटी ठोकण्यापूर्वीच माहीत हवे. १०८ हा रुग्णवाहिकेचा व ११२ हा संकटकाळचा क्रमांक पाठ असावा. परंतु डोंगराआड भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो, तेव्हा जागेवर उभे राहून तो लागतो की नाही हेही पाहून घ्यावे.

अग्नीविषयी दोन शब्द. पेटती शेकोटी ही मुक्कामाची शोभा खरी. ती उघड्या मातीवर, राहुटीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून पेटवावी व निजण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. राखेत हात घातला असता ऊब लागू नये, इतकी ती विझली पाहिजे. चैत्र-वैशाखात सुकलेल्या गवताच्या डोंगरावर मात्र शेकोटीचा विचारच सोडावा. आणि थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी राहुटीच्या आत नेऊ नये. त्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला मनुष्य त्यातून जागा होत नाही.

यानंतर जागेच्या मालकीचा प्रश्न येतो. रान कोणाचेच नसते, असा शहरी माणसाचा समज असतो. वस्तुतः ते वनखात्याचे, पाटबंधारे खात्याचे अथवा एखाद्या शेतकऱ्याचे असते. राखीव वनात परवानगीवाचून जाणे व विस्तव पेटविणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा लागू आहे. भंडारदऱ्याच्या परिसरातील बरेचसे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. मे अखेरीस व जूनच्या आरंभी तेथील झाडांवर काजव्यांची जी दिवाळी उजळते ती पाहावयास हजारो लोक जातात. परंतु काजव्याचा प्रकाश ही जोडीदारास घातलेली साद असते आणि मोटारींच्या दिव्यांत ती बुडून जाते. दिवे मालवून, ठरल्या वाटेवरूनच ते दृश्य पाहणे हाच खरा रसिकपणा.

कायद्याहून मोठी अशी आणखी एक मर्यादा आहे. या जलाशयांच्या पोटात गावे आहेत. मुळशीचे धरण होऊ नये म्हणून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, तो आपल्या घरांसाठी, शेतांसाठी व देवळांसाठी होता. तो लढा हरला आणि ती खोरी पाण्याखाली गेली. उजनीच्या पाण्याखालीही अशीच गावे गेली. त्या विस्थापितांची मुले-नातवंडे पुष्कळ ठिकाणी काठावरच राहतात. ज्या पाण्याकडे पाहून पाहुण्यास कविता सुचते, त्याच पाण्याकडे पाहून काठच्या म्हातारीला आपले अंगण आठवते. तेथे रात्री कर्णे लावून धिंगाणा घालणे, काचेच्या बाटल्या फोडून टाकणे हे असभ्यपणाचेच नव्हे, तर कृतघ्नपणाचेही लक्षण होय. आणलेली प्रत्येक वस्तू, अगदी संत्र्याच्या सालीसुद्धा, परत न्यावी.

आता स्थळांचा थोडक्यात विचार. पवनेच्या जलाशयाभोवती लोहगड, तिकोना, तुंग असे किल्ले आहेत. थंडीच्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी तेथील उंचावरील खाजगी जागा कुटुंबास सोयीच्या पडतात. सुट्टीच्या गर्दीत मात्र शांतता मिळण्याची आशा ठेवू नये. उजनीचा भिगवणकडील भाग हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तो पहाटे पाहावा, आणि रात्र काठच्या गाळावर न काढता गावातील एखाद्या घरी काढावी. सोलापूरकरांना हिप्परग्याचा तलाव हाताशी आहे. १८७१ साली पूर्ण झालेला हा जुना मातीचा बांध दिवसभराच्या सहलीस फार चांगला. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूरचा डोंगर जवळ. मालोजीराजे भोसले यांनी यात्रेकरूंच्या पाण्याची अडचण जाणून तेथे मोठे तळे बांधविले. चैत्रात मुंगी घाटाच्या खड्या चढणीने कावडी वर नेणारे भाविक पाहिले म्हणजे या कोरड्या मुलखात पाण्याचे मोल काय, हे मुलांना न सांगता कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, अशीच आज्ञा आहे. पाणी पाहणे याचा अर्थ त्याचे येणे, जाणे व चढणे जाणणे, एवढा व्यापक घ्यावयास हवा.

हे सर्व लक्षात ठेवणे ज्यांना जड वाटेल, त्यांच्यासाठी एक सुलभ रीत आहे. कुटुंबातील एका-दोघांनी आधी एकदा दिवसा जाऊन जागा पाहून यावी आणि काठावरील गुराखी अथवा मासे धरणारा कोळी गाठून त्याला चार प्रश्न विचारावेत. पाणी कोठवर चढते? वारा कोणत्या अंगाने येतो? रात्री येथे काय हिंडते? आणि दादा, तुमची मुले येथे निजवाल का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तो सविस्तर देईल. चौथ्या प्रश्नावर तो नुसताच हसला, तर दुसरी जागा पाहावी. प्रत्यक्ष मुक्कामाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास पोहोचावे, म्हणजे जागा मनास न आल्यास माघारी फिरण्यास उजेड उरतो. माघारी फिरण्यात कमीपणा कसलाही नाही. तळे तेथेच राहणार आहे, पुढच्या महिन्यातही आणि पुढच्या वर्षीही. ते पाहावयास मुले सुखरूप असली पाहिजेत.